बर्फघराचा पत्ता

१ ऑगस्ट, मंगळवार

आणि वर तोंड करून सांगतात, पत्ता हवा असेल तर महिन्याला वीस पाआंगा वेगळे! कसला पत्ता? मी काय हरवले होते? सत्तावीस वर्षं या घरात राहते, याच नीरफणसाखाली. बिल पाठवायचं असलं की इंटरनेटच्या कंपनीला माझा पत्ता बरोब्बर सापडतो. आणि माझ्या लेकाला, केलेपीला, ऑकलंडहून माझ्या शेडातला कॅमेरा उघडायचा असला की म्हणे, बाई, तुम्हाला स्वतःचा पत्ताच नाही. जूनपर्यंत चालत होता ना? मी काही बदललं नाही. बदललं त्यांनी, विचारलं कुणालाच नाही, आणि पूर्वीसारखं करून द्यायचे पैसे मी मोजायचे. घराचं दार काढून न्यायचं आणि ते मालकिणीलाच विकायचं, असला हा धंदा.

फोनवर राजधानीतली एक पोरगी होती. बोलणं गोड. म्हणाली, "मावशी, कॅमेरा कधी कधी बंद होता त्या तारखा लिहून ठेवल्यात का? तारखांशिवाय तक्रार घेता येत नाही." मी म्हटलं, "रोज बंद आहे. रोज हीच तारीख." तिला काही हसू आलं नाही.

म्हणून ही वही. केलेपीची शाळेतली. पुढे त्याची गणितं आहेत, निम्मी चुकलेली. माझी शाळा सहावीत सुटली आणि माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, पण वाचणाऱ्याला वाचता येतं.

तर घ्या तारीख. एक ऑगस्ट. कॅमेरा बंद.

२ ऑगस्ट, बुधवार

बंद.

गेल्या वर्षी व्हॅनिलाच्या शेंगा सुकत घातल्या होत्या तेव्हा एक तृतीयांश माल चोरीला गेला, भर दुपारी, मी बाजारात नाही, देवळात नाही, शेजारच्या अंत्यविधीला बसलेली असताना. सगळं गाव तिथेच होतं. म्हणजे चोरही तिथूनच उठून गेला असणार, रडून झाल्यावर. तेव्हा केलेपीने हा कॅमेरा पाठवला, कुणाचा तरी वापरलेला. तो तिकडे बांधकामावर असतो, जेवणाच्या सुट्टीत फोनमध्ये शेड बघतो. शेंगांवर आता माझं सगळं वर्ष आहे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, दुसरं कमावणारं इथे कुणी नाही. एकदा गरम पाण्यातून काढून, मग रोज घोंगडीत गुंडाळून घाम काढायचा, उन्हात पसरायच्या. तीन महिने. तीन महिने मी शेडातच बसू का दगडासारखी?

३ ऑगस्ट, गुरुवार

नेइआफूला, शहरात, जाऊन आले. कंपनीच्या कचेरीत जायचं म्हणून कमरेला मोठी चटई बांधली, मानाच्या ठिकाणी जाताना बांधतात ती, आईची, जाड. माणसाने नीट नेसून भांडावं.

काउंटरवर आमचीच लोसालिने. माझ्या धाकट्या भावाची, साटेकीची, थोरली. एकतीस वर्षांची आहे, चार वर्षं झाली तिथे बसते. आमच्या गावातून कंपनीच्या खुर्चीवर बसलेली ती पहिली.

मला बघून उठून उभी राहिली. बाकीचे लोक रांगेत होते, तिने मला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं.

"आत्या, ऐक. कंपनीकडे पत्ते कमी पडलेत. म्हणून आता शंभर-दीडशे घरांना मिळून एक पत्ता."

"म्हणजे उष्टा."

"उष्टा नाही गं, सामाईक. आपली पोस्टातली पेटी नाही का? पेटी एक, तिच्यात अकरा घरांची पत्रं. किल्ली तुझ्याकडे."

"मग? कुणाचं पत्र कधी हरवलं?"

"नाही ना. कारण वर नाव असतं. तू इंटरनेटवर काही मागितलंस की उत्तर तुझ्या नावाने येतं, ते बरोबर पोचतं. पण केलेपी बाहेरून येतो, आपण होऊन. त्याच्या पाकिटावर नावच नाही, नुसता पेटीचा नंबर. आमचं यंत्र विचारतं, अकरा घरांतलं कुठलं? आणि पाकीट टाकून देतं."

हे मला कळलं. सोपं होतं. फोनवरच्या पोरीला सांगता आलं नाही ते हिने दोन मिनिटांत सांगितलं. माझी भाची हुशार आहे.

मी म्हटलं, "मग मला एकटीची पेटी दे."

"त्याला पक्का पत्ता म्हणतात. महिन्याला वीस पाआंगा. पण पैशांचं सोड, आपल्या वावाऊ बेटासाठी सोळाच आहेत आणि सोळाही दिलेत. बँक, बंदर, दवाखाना, हॉटेलं... तुझा अर्ज राजधानीला पाठवते. सहा आठवडे लागतील."

"सहा आठवड्यांत शेंगा काळ्या होऊन खोक्यात जातील. नाहीतर चोराच्या खोक्यात."

"आत्या..."

"लोसालिने, तू जन्मलीस तेव्हा पहिली घडी माझ्या मांडीवर होतीस. तुझ्या लग्नात सगळ्यात पुढे मी बसले. मी कधी तुझ्याकडे काही मागितलंय?"

खरं तर मागितलंय. गेल्या नाताळात तिच्या घरून डुक्कर आणलं, आणि तिचं शिवणयंत्र माझ्याकडेच आहे. पण ते मागणं नव्हे, आमच्यात भावाच्या मुलांचं जे असतं ते आत्याचंच असतं.

तिने माझा रिकामा पेला उचलून ठेवला. मग म्हणाली, "बघते."

६ ऑगस्ट, रविवार

रविवारी लिहू नये. पण हे काम नव्हे, तक्रार आहे. बंद.

देवळात साटेकीची बायको सियाले भेटली. साटेकी आमच्या धक्क्यावरच्या कोळ्यांच्या मंडळाचं बर्फघर बघतो. बोटी आल्या की मासे तिथे ठेवायचे आणि शुक्रवारच्या बोटीने राजधानीला पाठवायचे. सियाले म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाने विचारलंय, मासा मिळाला का काल?" मिळाला. दर शनिवारी पाठवतो, सगळ्यात चांगला. मी सांगितलं, "मिळाला म्हणावं, जरा बारीक होता."

साटेकी चार हात पलीकडेच उभा होता. ऐकलं असणारच. पण बहीणभावांनी एकमेकांच्या तोंडाशी बोलू नये, ते आम्ही मोठे झाल्यापासून पाळतो. एका खोलीतसुद्धा बसत नाही. त्याचं सगळं बोलणं सियालेकडून येतं. त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही.

९ ऑगस्ट, बुधवार

बंद. आणि नवीन ताप. शेंगा भरायच्या खोक्यांचा भाव फोनवर बघायला गेले तर फोन विचारतो, तुम्ही माणूस आहात की यंत्र? मग चित्रं दाखवतो, यातले रस्त्यावरचे दिवे ओळखा. आमच्या गावात एक दिवा आहे, तोही लागत नाही. सात वेळा मला कबूल करावं लागलं की मी माणूस आहे.

लोसालिनेला फोन केला. ती म्हणाली, "तुझ्या पत्त्यावर बंदरातल्या परदेशी होड्यासुद्धा आहेत, व्हेल बघायला आलेल्या. त्यांच्यातलं कुणीतरी काहीतरी उद्योग करत असेल. त्याचं पाप सगळ्या पत्त्याला लागतं."

म्हणजे ज्याचं तोंड मी पाहिलं नाही त्याच्या करणीने मी चोर ठरते. मी म्हटलं, "लोसालिने, माझ्याच्याने हे सहन होणार नाही. या आठवड्यात काय ते कर."

ती म्हणाली, "बरं, आत्या."

११ ऑगस्ट, शुक्रवार

झालं! दुपारी लोसालिने स्वतः घरी आली, सुट्टी काढून. इंटरनेटच्या खोक्यात काहीतरी आकडे घातले, कॅमेऱ्यात घातले, केलेपीला फोन लावला. केलेपी तिकडून ओरडला, "आई, तू दिसतेस! डोक्यावर काय आहे?" टॉवेल होता.

मी म्हटलं, "बघ, मनावर घेतलं की होतं. सहा आठवडे म्हणे."

ती म्हणाली, "आत्या, कुणाला सांगू नकोस. अर्ज मी पाठवलाय, तुझा खरा पत्ता येईपर्यंत एवढं चालू दे."

"हा खोटा आहे का?"

"नाही, खराच आहे."

मग काय. खरा तर खरा. पैसेही घेतले नाहीत. कॅमेऱ्याला परवलीचा शब्द लावायला लागली तर मी ओरडले. तो शब्द मी विसरणार, केलेपी विसरणार, मग पुन्हा फोन कर, पुन्हा राजधानीची पोरगी. नको म्हटलं. ती म्हणाली, "लावायला हवा गं." मी म्हटलं, "माझ्या शेडात काय राणीचे दागिने आहेत? शेंगा आहेत. बघू दे." मग तिने नाही लावला.

चहा न घेता गेली. चेहरा उतरला होता. उन्हात आली म्हणून असेल.

१५ ऑगस्ट, मंगळवार

चार दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं. चालू, चालू, चालू, चालू.

केलेपी आता बारा वाजता तिकडे जेवतो आणि इकडे मला हुकूम सोडतो. "आई, डावीकडची घोंगडी उडालीय." "आई, ती तांबडी कोंबडी पुन्हा मांडवावर चढलीय." एवढं लक्ष त्याने शाळेत दिलं असतं तर ही गणितं बरोबर आली असती. काल मी शेडात एकटी आहे असं समजून पाय पसरून टॉवेलने वारा घेत बसले होते, तर फोन वाजला, "आई, नीट बस." मेलं घरात घर राहिलं नाही. पण जिवाला बरं वाटतं. शेंगांचा वास सुटलाय.

२१ ऑगस्ट, सोमवार

धक्क्यावर रडारड. बर्फघराचं यंत्र शनिवारी दुपारी बंद पडलं. रविवारी त्या बाजूला कुणी गेलं नाही, रविवारी कोण जाणार. आज सकाळी दार उघडलं तर वास. तीनशे किलो मासे पुरावे लागले, सहा बोटींची दोन दिवसांची मेहनत.

त्या यंत्रावर म्हणे राजधानीतला मेकॅनिक तिथूनच नजर ठेवतो, गार आहे की नाही ते रोज बघतो, बिघडलं की साटेकीला फोन करतो. मंडळ त्यासाठी पैसे भरतं. मग या वेळी झोपला होता का? सियालेला मी तेच म्हटलं. म्हटलं, "दुसऱ्याच्या डोळ्यांवर घर सोपवलं की असंच होतं. साटेकीने स्वतः जाऊन हात लावून बघायला काय झालं होतं?"

सियाले म्हणाली, "हो वन्सं." आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला कधी कधी पटकन कळत नाही.

२२ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा बंद! सकाळी अकरापासून. केलेपीचे पाच फोन. लोसालिनेचा फोन लागत नाही. अकरा दिवस सुख दिलं आणि घेतलं काढून. घ्या तारीख, बावीस ऑगस्ट.

२३ ऑगस्ट, बुधवार

बंद. शनिवारचा मासा राहिला होता तो आज आला. बर्फातला नव्हता, ताजा. सियालेचा पुतण्या म्हणाला, काका पहाटे एकटेच होडी घेऊन गेले होते तुमच्यासाठी. सहाही बोटी बसून आहेत आणि हा माझा वाटा आणायला समुद्रात. मोठा मासा होता. निम्मा मी परत पाठवला, तर तोही परत आला.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

पुन्हा आईची चटई बांधून नेइआफू. काउंटरवर लोसालिने नाही. राजधानीहून पाठवलेला एक चष्मेवाला.

मी म्हटलं, "लोसालिने कुठंय?"

"रजेवर आहेत."

"किती दिवस?"

"ठरलेलं नाही. आपलं काम?"

मी माझं नाव सांगितलं. त्याने आधी कागद बघितला, मग मला बघितलं. म्हणाला, "तोआकासे बाई, आपलं कनेक्शन परत सामाईक पत्त्यावर घेतलंय. आपल्याकडे जो होता तो दुसऱ्या ग्राहकाचा होता."

"कुणाचा?"

"ते आम्ही सांगत नाही."

"मी तो चोरला का?"

"असं मी म्हणालो नाही." पण आवाज तसाच होता. रांगेतले लोक ऐकत होते. एवढी मोठी चटई बांधून मी उभी, आणि न भांडता तशीच मागे फिरले. असं कधी झालं नव्हतं.

बसमध्ये विचार करत आले. मला वाटलं होतं, लोसालिनेला दिवस गेले असतील. म्हणून तिचा चेहरा उतरलेला.

२६ ऑगस्ट, शनिवार

साटेकीच्या घरी गेले. मी दारात दिसले तसा तो मागच्या दाराने निघून परसात जाऊन बसला, रीतच आहे. लोसालिने आत भिंतीकडे तोंड करून निजलेली. सियाले तारोचे कंद सोलत होती.

मी म्हटलं, "सियाले, आता मला सांग. कोड्यात नको."

ती सोलतच राहिली. "वन्सं, काय सांगायचं?"

"पत्ता कुणाचा होता?"

सुरी थांबली. "बर्फघराचा."

मी तिच्यासमोर बसून म्हटलं, "नीट सांग."

मग तिने सगळं सांगितलं, हळू, जसं लहान मुलाला सांगतात. सोळांपैकी एक बर्फघराचा होता. मेकॅनिक त्यावरूनच बघायचा. लोसालिनेने तो काढून मला दिला. तेवढ्या सहा आठवड्यांत काही होणार नाही असं तिला वाटलं, आणि आपला बाप रोज धक्क्यावर असतोच. बापाला तिने सांगितलं होतं. बाप म्हणाला होता, आत्याने मागितलंय ना, मग दे.

"साटेकीला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. रोज दोनदा हात लावून बघून यायचे. शनिवारी दुपारी बघून आले, त्यानंतर तासाभरात यंत्र गेलं."

आणि मी म्हटलं होतं, स्वतः हात लावून बघायला काय झालं होतं.

"मेकॅनिक आठवडाभर रजेवर होता, शनिवारी परतल्यावर चार वाजता त्याने उघडून बघितलं," सियाले म्हणाली, "तर त्याला बर्फघराच्या जागी शेंगा दिसल्या. आणि मांडवावर तांबडी कोंबडी. त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी त्याने कंपनीला फोन केला."

हाताने तोंड झाकलं होतं तिने. मला वाटलं रडतेय. हसत होती. हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "तुम्ही तिला 'उतर गं रांडे' म्हणून ओरडत होतात तेसुद्धा ऐकलं म्हणे त्याने."

भिंतीकडून लोसालिने बोलली, न वळता. "आत्या, शब्द लावायला हवा होता."

कंपनीच्या साहेबाने तिला विचारलं, पैसे घेऊन पत्ता दिला का? ती म्हणाली, नाही. मग का दिला? ती गप्प बसली. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. म्हणून घरी बसवलं. माझं नाव कागदावर नवऱ्याच्या आडनावाने आहे, तेव्हा साहेबाला कळायला मार्ग नाही की मी तिची कोण.

मी म्हटलं, "बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आत्याने मागितलं म्हणू? लोकांसमोर?"

परसात साटेकी खोकला. तो सगळं ऐकत होता. मी भिंतीकडे बघून, सियालेला म्हटल्यासारखं म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला सांग, तीनशे किलोंसाठी या वर्षीच्या निम्म्या शेंगा मंडळाच्या."

परसातून आवाज आला, भिंतीलाच, "सियाले, बहिणीला सांग, घोंगड्या घालायला संध्याकाळी येतो."

माझ्या लग्नानंतर प्रथमच त्याचा आवाज एवढा जवळून ऐकला. म्हातारा झालाय.

२७ ऑगस्ट, रविवार

काही लिहीत नाही.

३० ऑगस्ट, बुधवार

हे पत्र तीन वेळा लिहिलं. शेवटचं इथे उतरवून ठेवते, तारखेसकट, कारण तारखेशिवाय तुम्ही लोक ऐकत नाही.

कंपनीचे मातेले साहेब यांस,

मी तोआकासे. ज्या बाईच्या शेडात तुमचा सोळावा पत्ता सापडला ती मी. लोसालिने माझ्या भावाची मुलगी. तुम्ही तिला तीनदा विचारलंत की का दिला, आणि ती बोलली नाही. मी बोलते. मी मागितला म्हणून दिला. पैसे घेतले नाहीत. उलट तिचं शिवणयंत्र माझ्याकडे आहे, ते आज परत पाठवलं.

तुम्हीही इथलेच आहात. भावाच्या मुलीने आत्याला नाही म्हणायचं असतं का, ते तुम्हीच सांगा. तिने मला सांगितलं होतं की पत्ते सोळाच आहेत. तिने अर्जही पाठवला होता, तुमच्या टेबलावर असेल, तीन तारखेचा. घाई माझी. शब्द लावू दिला नाही तीही मीच. मासे गेले ते आमचं आम्ही भावंडं बघून घेऊ, मंडळाशी बोलणं झालंय. त्यात तुम्ही पडू नका.

तुम्हाला बोल लावायचाच तर एक सांगते. जूनमध्ये तुम्ही माझा पत्ता काढून घेतलात तेव्हा एक चिठ्ठी पाठवली असतीत तर मी वेळेवर अर्ज केला असता. आमची पोस्टाची पेटी एकतीस नंबरची, किल्ली माझ्याकडे असते, अकरा घरांतलं एक पत्र कधी चुकलेलं नाही. पक्क्या पत्त्याच्या यादीत माझं नाव शेवटी राहू द्या. वीस पाआंगा भरीन. नंबर येईपर्यंत मी शेडातच बसते. कोंबडी दुसरीकडे हलवली आहे.

माझं म्हणणं एकच. लोसालिनेला तिच्या खुर्चीवर परत बसवा. ती हुशार आहे. तुमची ती सामाईक भानगड माझ्यासारख्या सहावीवालीला दोन मिनिटांत समजली ती तिच्यामुळे. तुमच्या चष्मेवाल्याला ते जमणार नाही, मी त्याला बघितलंय.

शुक्रवारी, आठ सप्टेंबरला, राजधानीहून बोट येते. तुमचं उत्तर तिच्यावर हवं, कागदावर, सहीसकट. गोड बोलणारी पोरगी फोनवर नको.

आणि मी चौकशी केली आहे. तुमच्या वडिलांची थोरली बहीण इथेच, आमच्यापासून तिसऱ्या गावात राहते. ऐंशी वर्षांची आहे, पण कान तीक्ष्ण आहेत आणि वही-पत्र मी तिला वाचून दाखवू शकते. बोट रिकामी आली तर शनिवारी सकाळी मी आईची चटई बांधून तिच्या दारात असेन. मग तुम्हाला काय करायचं ते ती सांगेल.

तेव्हा शुक्रवारपर्यंत कळवा.